सुटल्यानंतरची नोंद

न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कला लागून चार्ल्स टाउन्स नावाच्या गृहस्थाचे एक खासगी रुग्णालय होते. टाउन्स डॉक्टर नव्हता. जॉर्जिया राज्यातून आलेला, आधी विम्याच्या पॉलिसी विकणारा हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफू, मॉर्फिन आणि दारू सोडवण्याचे औषध घेऊन शहरात आला. औषधात बेलाडोना, खुरासानी ओवा आणि आणखी एका झाडाचा अर्क असे. जोडीला जबरदस्त रेचके. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे डॉक्टर अलेक्झांडर लॅम्बर्ट यांनी १९०९ मध्ये हा उपचार अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आणला आणि टाउन्सचे नाव झाले. शंभरातले पंचाहत्तर ते नव्वद रुग्ण बरे होतात, असे तो सांगत असे. हा आकडा यायचा कुठून? जो रुग्ण परत आला नाही तो बरा झाला, असा त्याचा हिशेब होता.

हिशेबाची ही रीत एकट्या टाउन्सची नव्हती. इलिनॉयमधल्या ड्वाइट गावात लेस्ली कीली या डॉक्टरने १८७९ पासून ‘सोन्याच्या’ इंजेक्शनांचा चार आठवड्यांचा उपचार चालवला होता, आणि त्याचा दावा तर पंचाण्णव टक्क्यांचा होता. रुग्ण दारातून बाहेर पडला की वही मिटायची. तो घरी पोचला का, कामावर गेला का, की स्टेशनाबाहेरच्या पहिल्याच गुत्त्यात शिरला, हे कुणी विचारत नसे. लॅम्बर्ट यांचाही पुढे टाउन्सच्या औषधावरचा विश्वास उडाला. बिल विल्सन नावाचा एक शेअरबाजारी माणूस दारूपायी टाउन्सच्या रुग्णालयात पुन्हा पुन्हा भरती झाला. डिसेंबर १९३४ मध्ये तो शेवटचा तिथून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी एका डॉक्टर मित्राबरोबर त्याने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात केली. दारू सोडणाऱ्यांच्या त्या स्वमदत-गटात नोंद ठेवायचे काम ज्याचे त्याच्याकडे गेले: आज न पिता गेलेला दिवस, बस्स.

व्यसनमुक्तीचा इतिहास बहुधा औषधांच्या आणि संस्थांच्या नावांनी सांगितला जातो. पण त्यातला खरा झगडा नोंदीचा आहे. रुग्ण सुधारतो आहे हे कशावरून म्हणायचे, कोणत्या दिवशी म्हणायचे आणि कुणी म्हणायचे? या प्रश्नाची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात क्लेशदायक शाळा भरली ती केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावाजवळ.

अमली पदार्थांवर निर्बंध घालणाऱ्या १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर अमेरिकेत मॉर्फिन-हेरॉइन घेणारा माणूस जवळजवळ आपोआप गुन्हेगार ठरू लागला. केंद्र सरकारचे तुरुंग अशा कैद्यांनी भरून गेले आणि तुरुंगाधिकारी मेटाकुटीला आले. पेनसिल्व्हेनियाचे खासदार स्टीफन पोर्टर यांच्या प्रयत्नाने जानेवारी १९२९ मध्ये कायदा झाला: अशा लोकांसाठी सरकारने दोन ‘नार्कोटिक फार्म’ उभारावेत. पहिले लेक्सिंग्टनला २५ मे १९३५ रोजी उघडले. दुसरे टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला, १९३८ मध्ये. लेक्सिंग्टनची जागा सुमारे हजार एकरांची. गोठे, शेते, शिवणखाते, सुतारशाळा, आणि मधोमध लाल विटांची, तुरुंगासारखी दिसणारी भव्य इमारत. गावकरी तिला ‘नार्को’ म्हणत. इथे शिक्षा झालेले कैदी होते आणि आपणहून आलेले रुग्णही होते. कैद्याला मुदत संपेपर्यंत राहावे लागे. आपणहून आलेला हवा तेव्हा निघून जाऊ शके, आणि पुष्कळ जण अर्ध्यावर निघून जात.

पहिले वैद्यकीय संचालक लॉरेन्स कोल्ब आणि संशोधन विभागाचे क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी इथे एक मूलभूत काम केले. तोवर जगात व्यसन सोडवण्याची डझनभर औषधे होती आणि प्रत्येक औषधवाला म्हणे, माझ्या औषधाने त्रास कमी होतो. कमी म्हणजे किती, आणि कशाच्या तुलनेत? उत्तर देण्याचे साधनच नव्हते. मुंबईतल्या गर्दुल्ल्यांच्या भाषेत ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तो नशा तुटल्यावरचा शारीरिक हाहाकार मोजायची पट्टी हिमेल्सबाख यांनी तयार केली. जांभया येतात का, डोळ्यांतून पाणी गळते का, नाक वाहते का, घाम सुटतो का, या सौम्य लक्षणांना थोडे गुण. बाहुल्या विस्फारणे, अंगावर काटा येणे, थरथर, अन्नावरची वासना जाणे यांना त्याहून जास्त. तळमळ आणि उलटी यांना आणखी जास्त. शिवाय ताप, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि वजन मोजून त्यांचेही गुण धरायचे. रोज बेरीज करायची आणि आलेख काढायचा. मॉर्फिन बंद केल्यावर आलेख चढू लागे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठे आणि आठवडा-दहा दिवसांत उतरे.

१९३८ मध्ये कोल्ब आणि हिमेल्सबाख यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि अनेक नामांकित ‘उपचारां’ची हवा निघून गेली. त्या औषधांनी आलेख फारसा हलतच नव्हता. काहींनी तर रुग्णाचा त्रास वाढत होता. मेपेरिडीन हे नवे वेदनाशामक व्यसन लावत नाही असा बोलबाला होता, तेही याच पद्धतीने तपासून खोटे ठरले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आलेख खाली आला तरी शरीर पूर्वपदावर आलेले नसते. रक्तदाब, झोप, वजन यांची घडी नीट बसायला कित्येक महिने लागतात, असे हिमेल्सबाख यांना दिसले. म्हणजे दहाव्या दिवशी टवटवीत दिसणारा रुग्ण आतून अजून हलत्या जमिनीवर उभा असतो. ही नोंद १९४२ च्या सुमाराला छापून झाली होती. उपचारांची मुदत ठरवणाऱ्यांनी ती मनावर घ्यायला पुढे कित्येक वर्षे घेतली.

आज भारतातल्या व्यसनमुक्ती विभागांत गर्द किंवा हेरॉइनचा रुग्ण आला की डॉक्टर ‘काउज’ नावाची अकरा लक्षणांची पट्टी वापरतात. नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, काटा, तळमळ यांना गुण देऊन पहिली गोळी कधी द्यायची ते ठरवतात. त्या पट्टीची वंशावळ लेक्सिंग्टनच्या वॉर्डात जाऊन पोचते.

या वंशावळीत एक काळे पान आहे आणि ते झाकून चालणार नाही. ज्यांच्या अंगावर हे मोजमाप चालले ते बहुतांशी कैदी होते. पूर्वी व्यसन असलेल्या आणि आता नशा तुटलेल्या कैद्यांना पुन्हा मॉर्फिन देऊन, महिनोन्‌महिने चढवून, मग अचानक बंद करून त्यांच्या जांभया मोजल्या जात. प्रयोगात भाग घेतल्याचे बक्षीस म्हणून त्यांच्या खात्यावर मॉर्फिन जमा होई आणि हवे तेव्हा ते टोचून घेता येई. पन्नाशीच्या दशकात संशोधन विभागाच्याच हॅरिस इस्बेल यांनी इथेच, सीआयएच्या पैशावर, कैद्यांना एलएसडी दिले. काहींना सलग ७७ दिवस. १९७५ मध्ये सिनेटच्या सुनावणीत हे सारे उघड झाले आणि पुढच्या वर्षी कैद्यांवरचे प्रयोग थांबले. नोंदी अचूक होत्या, त्यांनी विज्ञान पुढे गेले, पण ज्याची नोंद होती त्याला तिचा काही उपयोग नव्हता. उलट ज्याच्या सुटकेसाठी रुग्णालय बांधले, त्यालाच तिथे नशा मजुरी म्हणून मिळत होती. हा अन्याय साधा नाही.

फाटकाबाहेर काय होत होते? मायकेल पेस्कर या लेक्सिंग्टनच्याच डॉक्टरने १९४३ मध्ये त्याचे पहिले मोठे उत्तर छापले. १९३६ ते १९४० या काळात घरी सोडलेल्या ४,७६६ पुरुष रुग्णांचा त्याने शोध घेतला. १३.५ टक्के नशेपासून दूर होते. ३९.९ टक्के पुन्हा नशेला लागले होते. ७ टक्के मरण पावले होते. आणि उरलेल्या ३९.६ टक्क्यांपुढे त्याने लिहिले: माहिती नाही. टाउन्सने हे चाळीस टक्के हसत हसत बरे झालेल्यांत टाकले असते. पेस्करने त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवला, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी प्रामाणिक गोष्ट होती.

मग पाठपुरावा अधिक कसून होऊ लागला. जुलै १९५२ ते डिसेंबर १९५५ या काळात लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परतलेल्या १,९१२ रुग्णांचा माग हंट आणि ओडोरॉफ या दोघांच्या अभ्यासात काढला गेला. १९६२ मध्ये अहवाल आला. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक पुन्हा व्यसनात सापडले होते, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. हा आकडा वणव्यासारखा पसरला. ‘एकदा गर्दुल्ला तो कायमचा गर्दुल्ला’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती सरकारी शिक्क्याचा पुरावा आला. सत्तावीस वर्षे चाललेल्या रुग्णालयाच्या कामावर पाणी पडल्यासारखे झाले.

पण तो आकडा नेमके काय मोजत होता? रुग्ण कधी तरी पुन्हा नशेत सापडला का, एवढेच. पहिली घसरण झाली की त्याचे नाव अपयशाच्या रकान्यात जाई आणि तिथेच राही. दुसऱ्या वर्षी तो सावरला का, हे विचारले जात नव्हते. लगेच पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, त्यांच्यातल्याच ४५३ जणांचा पाच वर्षांनंतरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की जवळजवळ सगळेच कधी ना कधी घसरले होते, पण पाचव्या वर्षी पाहिले तर सुमारे निम्मे त्या घडीला नशेत नव्हते. त्यांतले काही तुरुंगात किंवा रुग्णालयात असल्यामुळे, पण बरेचसे आपल्या घरी, आपल्या बळावर. रुग्ण त्याच शहरातले, त्याच यादीतले. कधी आणि किती वेळा पाहिले, एवढ्यानेच चित्र पालटले.

जॉर्ज व्हॅलंट या मनोविकारतज्ज्ञाने याच धाग्याला धरून असामान्य चिकाटी दाखवली. ऑगस्ट १९५२ ते जानेवारी १९५३ या काळात लेक्सिंग्टनला दाखल झालेले न्यूयॉर्कचे शंभर पुरुष त्याने निवडले आणि आधी बारा, मग वीस वर्षे त्यांचा माग ठेवला. तुरुंगाचे दप्तर, रुग्णालयांचे कागद, पोलिसांची नोंद, नातेवाइकांच्या भेटी, जे मिळेल ते. वीस वर्षांनी शंभरातले २३ मेले होते, बहुतेक अकाली आणि वाईट मरणाने. एक तृतीयांशाहून थोडे अधिक स्थिरपणे नशामुक्त झाले होते. त्याला आणखी एक गोष्ट दिसली: रुग्णालयातल्या छोट्या मुक्कामाने नंतरच्या आयुष्यात काही फरक पडलेला नव्हता. सुटल्यानंतर निदान वर्षभर कुणाच्या तरी नजरेखाली, नोकरी टिकवण्याच्या अटीवर पॅरोलवर राहिलेल्यांत मात्र स्पष्ट फरक होता. थोडक्यात, उपचार जिथे संपतो असे रुग्णालयाला वाटत होते तिथून खरा उपचार सुरू होत होता आणि तिथेच कुणी हजर नव्हते.

आकड्यांच्या या गर्दीत एक माणूस पाहण्यासारखा आहे. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स १९५५ मध्ये लेक्सिंग्टनला भरती झाला. तिथे नशा तोडण्यासाठी तेव्हा मेथाडोन हे अफूच्या जातीचे कृत्रिम औषध वापरू लागले होते. तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मला, वाढला, तिथेच हेरॉइनला लागला होता. सुटल्यावर तो तिथे गेला नाही. शिकागोला राहिला, झाडलोटीची, हातमजुरीची कामे केली, जॅझच्या क्लबांपासून आधी लांबच राहिला. जुने सोबती भेटले, नशा पुढे केली गेली, तेव्हा नाही म्हणायला आपल्याला किती जड गेले हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राउन यांच्या वाद्यवृंदात सामील झाला आणि १९५६ मध्ये त्याचा ‘सॅक्सोफोन कोलोसस’ हा गाजलेला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. लेक्सिंग्टनच्या पट्टीवर त्याच्या जांभया आणि घाम मोजता आला असता. न्यूयॉर्कला परतायचे नाही हा त्याचा निर्णय लिहायला त्या पट्टीवर जागा नव्हती.

जागा बदलण्याचा प्रश्न पुढे सैन्यामुळे ऐरणीवर आला. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक हेरॉइन ओढत असल्याच्या बातम्यांनी अध्यक्ष निक्सन हादरले. जून १९७१ पासून मायदेशी निघालेल्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासली जाऊ लागली. नशा सापडली तर विमान चुकायचे आणि आधी टर्की काढावी लागायची. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सुमारे नऊशे सैनिकांना गाठून मुलाखती घेतल्या. जवळपास निम्म्यांनी तिथे अफू किंवा हेरॉइन चाखले होते, पाचातला एक तिथे व्यसनी झाला होता. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात, व्यसनी झालेल्यांपैकी पाचच टक्के लोक पुन्हा व्यसनात सापडले. रॉबिन्स यांच्यावर अविश्वास दाखवला गेला, आकडे पुन्हा पुन्हा तपासले गेले, ते टिकले. हंट-ओडोरॉफ यांचे नव्वद आणि रॉबिन्स यांचे पाच, औषध तेच. न्यूयॉर्कचा रुग्ण लेक्सिंग्टनहून जिथे नशा लागली त्याच गल्लीत परतत होता. सैनिक ती गल्ली समुद्रापार सोडून आला होता.

उपचार चालू असतानाच प्रगती मोजायची, ही पद्धत रुजली ती मेथाडोनच्या दवाखान्यांत. रॉकफेलर संस्थेतले व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ मेरी निस्वांडर यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला हे काम सुरू केले. निस्वांडर यांनी चाळीशीच्या दशकात लेक्सिंग्टनला नोकरी केली होती आणि तिथली नशा तोडून सोडून देण्याची रीत त्यांनी जवळून पाहिली होती. त्या दोघांनी नशा तोडून रुग्णाला सोडून देण्याऐवजी त्याला रोजचा मेथाडोनचा ठरलेला डोस देत राहायचे ठरवले. १९६५ मध्ये २२ रुग्णांवरचा पहिला निबंध आला. त्यात लघवीच्या तपासण्या होत्याच. पण कोण शाळेत परत गेला, कुणाला नोकरी लागली, कोण घरच्यांशी बोलू लागला, हेही लिहिले होते. रुग्ण रोज यायचा, नर्ससमोर डोस प्यायचा, आणि न आलेल्या दिवसाचीही नोंद व्हायची. पुढे अशा चाचण्यांत एक कडक संकेत रूढ झाला: जो रुग्ण नमुना द्यायला आला नाही, त्याचा नमुना नशा सापडल्यासारखा धरायचा. हा संकेत कधी कधी रुग्णावर अन्यायही करतो. बस चुकलेला आणि घसरलेला एकाच रकान्यात जातात.

लघवीची बाटली एवढेच सांगते की गेल्या दोन-तीन दिवसांत शरीरात काय गेले. ही उणीव फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात टॉम मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवली. १९८० मध्ये त्यांनी ‘अ‍ॅडिक्शन सिव्हिरिटी इंडेक्स’ प्रसिद्ध केला. पुढे रूढ झालेल्या रूपात तासाभराची मुलाखत, सात विषय: शारीरिक आजार, नोकरी आणि पोटापाण्याची सोय, दारू, इतर नशा, कायद्याच्या कटकटी, कुटुंब आणि मित्र, मानसिक त्रास. प्रत्येक विषयात गेल्या ३० दिवसांत काय घडले ते विचारायचे. आणि मग रुग्णालाच विचारायचे: याचा तुम्हाला किती त्रास होतो? यासाठी उपचार तुम्हाला किती महत्त्वाचे वाटतात? लेक्सिंग्टनच्या वॉर्डात रुग्णाच्या बाहुल्या मोजल्या गेल्या, पण त्या पट्टीत त्याच्या मताला जागा नव्हती. मॅक्लेलन यांच्या गटाला असेही दिसले की नशेचे प्रमाण कमी झाले म्हणून घर आणि नोकरी आपोआप सुधारत नाहीत. त्यांची विचारपूस वेगळी, मदतही वेगळी लागते.

मॅक्लेलन यांनी तीन सहकाऱ्यांबरोबर २००० साली लिहिलेल्या एका निबंधात या साऱ्याचा रोखठोक समाचार घेतला. रक्तदाबाच्या रुग्णाच्या गोळ्या थांबवल्या आणि सहा महिन्यांनी दाब पुन्हा वाढलेला दिसला, तर गोळ्या गुणकारी होत्या असेच डॉक्टर म्हणतात. व्यसनाच्या रुग्णाचा उपचार थांबवून सहा महिन्यांनी तो घसरलेला दिसला, तर उपचार फुकट गेला म्हणतात. मधुमेह, रक्तदाब, दमा यांतही औषधपाणी सोडणारे आणि पुन्हा आजारी पडणारे थोडेथोडके नसतात. ज्या कसोटीला कोणताही दीर्घ आजार उतरला नसता, ती एकट्या व्यसनी माणसाला लावली गेली होती, आणि ती लावणाऱ्यांनी कित्येकांचा उपचार अर्ध्यावर बंद पाडला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळ्या वाटेने हात घातला गेला. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर शिरली. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हटले, बरे झालेल्यांतूनच समुपदेशक घडवले आणि रुग्णाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ हा गट उभा केला. निवासी उपचार संपल्यावर रुग्णाने आपल्या गावाजवळच्या पाठपुरावा केंद्रात येत राहायचे, घरच्यांनी सोबत यायचे, घसरला तर पुन्हा दाखल व्हायचे, हा उपचाराचाच भाग मानला गेला. पाठपुराव्याच्या अशा बैठकीत बायकोची साक्ष कोणत्याही चाचणीपेक्षा लवकर पोचते. पगारातले किती घरात आले, रात्री तो कितीला आला, मुलांच्या अभ्यासाला बसतो का, उसनवारी पुन्हा सुरू झाली का, हे तिला आधी कळते. आणि ते समुपदेशकाच्या कानावर वेळेत गेले तर पुढची घसरण एका दिवसावर थांबवता येते, तिचे सहा महिने होत नाहीत.